शुक्रवार-शनिवारचे रकाने

गेल्या महिन्यात अमरावतीत फिजिओथेरपीच्या तरुण मंडळींनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि उभं राहून दोन शब्द. माझ्या आधी जो बोलला त्याने सांगितलं की, आज मोठ्या दवाखान्यांत कर्मचाऱ्यांना आठवड्याचं काम चार दिवसांत आटोपायची मुभा मिळते. तो म्हणाला, आमच्या या ज्येष्ठांनी ती पद्धत अकोल्यात साठ वर्षांपूर्वीच चालवून दाखवली होती. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. घरी आल्यावर शाल घडी करून ठेवली आणि हे लिहायला घेतलं. पद्धत मी चालवली हे खरं आहे. ती कशी चालली तेवढं सांगायचं राहिलं आहे.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. अकोल्यात एका धर्मादाय दवाखान्यात मी फिजिओथेरपीचा विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे दोन खोल्या. एकीत शेक द्यायचा दिवा, मेण वितळवायचं भांडं आणि दोन लाकडी खाटा. दुसरीत भिंतीला टांगलेल्या कप्प्या, दोर, वाळूच्या पिशव्या आणि चालायला शिकवायचे दोन समांतर दांडे. गावातले लोक त्याला आखाडा म्हणत. त्याला कारण आमचे चाचा. चाचा तरुणपणी कुस्त्या मारत. दोन्ही कान चुरगळलेले, मान नाहीच म्हटलं तरी चालेल. मालिश करायला त्यांच्यासारखा माणूस मी मुंबईला शिकत असतानाही पाहिला नव्हता. बायकांच्या उपचारासाठी एक मदतनीस बाई होत्या. त्या बडनेऱ्याच्या, नवरा रेल्वेत. त्या रोज गाडीने जा-ये करत. असे आम्ही तिघे.

माझं घर अमरावतीला. बायको तिथे शाळेत शिकवत होती. तिची नोकरी सुटू नये म्हणून तिने अकोल्याला यायचं नाही आणि मी खोली घेऊन राहायचं, असं आमचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी निघायचं, बडनेऱ्याला गाडी बदलायची, रात्री घरी. सोमवारी पहाटे पुन्हा निघायचं. धाकटी मुलगी मला पाहुणा समजत असे. ती माझ्याशी फार अदबीने वागे.

कल्पना बाईंची. एका दुपारी मेणाचं भांडं पुसता पुसता त्या म्हणाल्या, "भाऊ, मी तर गाडीतच म्हातारी होऊन राहिली. सहा दिवस सात-सात तास करतो आपण. तेवढंच काम चार दिवसांत केलं तर कोणाचं काय जाते?"

मी कागदावर गणित मांडलं. सहा सत्ते बेचाळीस. सोमवार ते गुरुवार चार दिवस, रोज साडेदहा तास, तेही बेचाळीस. गणितात कोणाचंच काही जात नव्हतं.

"तुमचं काय मत, चाचा?" मी विचारलं.

"जुम्मा मिळते ना सुटी? मग मेरेको क्या," चाचा म्हणाले. "पण साहब, आंगठे माझे चार वाजेलोकच चालतात. त्यायले घड्याळ समजत नाही."

आम्ही हसलो. व्यवस्थापकांकडे मी एकटा गेलो. अडकित्त्याने सुपारी कातरत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रोग्यांची ओरड नको. आणि कागदावर सहा दिवस दिसले पाहिजेत. देणगी देणारी मंडळी विचारतात." लेखी काही दिलं नाही. मीही मागितलं नाही.

त्या पद्धतीचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी साडेसहाला दार उघडायचं, संध्याकाळी साडेपाचला बंद, मधे अर्धा तास जेवणाला. गिरणीतले कामगार पाळीच्या आधी येऊ लागले, काही पाळी संपल्यावर. ज्यांना पूर्वी उपचारासाठी खाडा करावा लागे त्यांना तो करावा लागेना. बाईंचे गाडीचे दोन दिवस वाचले. माझी मुलगी महिन्याभरात मला ओळखू लागली, उलट बोलू लागली. मला फार बरं वाटलं.

अडचण एकच होती, कार्डाची. प्रत्येक रोग्याचं एक पिवळं कार्ड असे. त्यावर आठवड्याचे सहा रकाने छापलेले. उपचार दिला की बरोबरची खूण करायची; रोगी आला नाही तर 'गै.' लिहायचं, म्हणजे गैरहजर. शुक्रवार आणि शनिवारच्या रकान्यांत काय लिहायचं? मोकळे ठेवले तर विभाग बंद होता हे दिसणार. बरोबरची खूण करायची तर न दिलेला उपचार दिला म्हणून लिहिणं झालं, आणि खोटं लिहिणारा माणूस मी नव्हतो. मी दोन्ही रकान्यांत 'गै.' लिहू लागलो. त्या दिवशी रोगी विभागात नव्हता हे खरंच होतं. आम्हीही नव्हतो, पण आमच्यासाठी कार्डावर रकाना नव्हता.

चाचांना हे कळलं ते मी बाईंना कार्डं भरायला सांगत होतो तेव्हा.

"गैरहजर कोण? तो? काहून?" चाचांनी विचारलं. "आपणच सांगितलं ना त्याले, नको येऊ म्हणून? गैरहाजरी लिखना है तो अपने नाम के सामने लिखो ना, साहब."

"चाचा, ही फक्त कागदाची सोय आहे," मी म्हणालो. "कार्डं कोण वाचतं?"

ते खरं होतं. कार्डं कोणी वाचत नव्हतं. सात-आठ महिने कोणीच वाचली नाहीत.

मग ती आली. अकोटची होती, विशीतली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. घरचे सगळे छप्पन्न साली बौद्ध झालेले. तिने शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलं होतं आणि एका खाजगी संस्थेच्या शाळेत तिची नेमणूक झाली होती. तिच्या मोहल्ल्यातली अशी पहिली. रुजू व्हायच्या आठ दिवस आधी ती विहिरीच्या काठावर घसरली आणि उजव्या कोपराचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा कोपर कुलूप घातल्यासारखं झालं होतं. हात ना पुरता सरळ होई, ना तोंडापर्यंत जाई. संस्थेने जागा दोन महिने राखून ठेवली आणि कळवलं की, हात फळ्यावर लिहिण्यासारखा होत असल्याचं दवाखान्याचं पत्र आणा.

ती एसटीने येत असे. सोमवार ते गुरुवार एकही दिवस चुकली नाही. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी तिने पुन्हा विचारलं, "साहेब, उद्या-परवा कोणीच नसते काय?"

"नसतं. घरी व्यायाम करायचा."

"करतोच मी. पण सोमवारी आली का हात पुन्हा होता तिथंच जाते."

तिचं निदान बरोबर होतं. कोपर हा हट्टी सांधा आहे. त्याला रोज थोडंथोडं, न दुखवता हलवावं लागतं. तीन दिवस सोडला की तो आखडतो, आणि चौथ्या दिवशी जोर केला तर आणखी बिघडतो. हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं आणि पासही झालो होतो. तिच्यासाठी शुक्रवारी यावं असं माझ्या मनात आलं. मग वाटलं, एकीसाठी दार उघडलं तर सगळे येतील. त्यातून तिची एसटी दुपारी पोचे, म्हणजे तिची पाळी येईतो चार वाजून गेलेले असत आणि चाचाही थकलेले. बाई तिचा हात धरत, चाचा शेजारून सांगत, आणि मी घड्याळ पाहत असे.

दोन महिने झाले. हाडांचे डॉक्टर मानद होते. सोमवारी आणि गुरुवारी तासभर येत. आमच्या चार दिवसांबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी तिचा हात पाहिला, मोजला, मग कार्ड मागवलं. बराच वेळ कार्ड पाहत राहिले. मी समोर उभा होतो. त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं. मजकूर असा की, कोपराची हालचाल अपुरी आहे. रोगी उपचाराला नियमित येत नसल्याने पुढील सुधारणेची खात्री देता येत नाही. पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं. मी ते टाकलं.

पुढच्या सोमवारी ती वडिलांना घेऊन आली. संस्थेच्या ऑफिसातल्या कोणीतरी पत्र वाचून दाखवलं होतं आणि वर ऐकवलं होतं, "तुम्हा लोकांना नोकऱ्या पाहिजेत, पण वेळेवर यायला नको." जागा दुसऱ्याला दिली होती.

"मी कवा गैरहजर होती?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "सांगा ना साहेब, कवा?"

मी काही बोलायच्या आत वडीलच बोलले. "साहेबाले काय इचारते? मी म्हनत होतो ना, शुक्करवारी जाय, शनवारी जाय. म्हने, दवाखाना बंद असते. दवाखाना कदी बंद असते काय? माणसं काय सुटी पाहून बिमार पडतात?" मग माझ्याकडे वळून हात जोडले. "पोरीनं आळस केला, साहेब. माफी करा."

तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच सांगायचं होतं की विभाग बंद असतो. तीन शब्द झाले असते. बाहेर बाकावर आठ-दहा रोगी बसले होते, आणि हाडांचे डॉक्टर पलीकडच्या खोलीत होते. मी म्हणालो, "व्यायाम चालू ठेवा. हात सुधारेल."

ती दोघं गेल्यावर चाचा हात पुसत उठले आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरले. मिनिटाभरात डॉक्टरांनी मला बोलावलं.

"हे काय म्हणताहेत? कार्ड खोटं आहे म्हणे?"

मी म्हणालो, "सर, चाचांना मराठी वाचता येत नाही."

हेही खरं होतं. चाचांना उर्दू येत होतं. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढचा रोगी बोलावला. बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "वाचता नाही येत, साहब. दिसते मात्र सगळं." त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. साहब म्हणायचं त्यांनी सोडलं नाही, पण त्या शब्दात पूर्वी जे काही असे ते राहिलं नव्हतं.

पुढचं मला बाईंकडून कळलं. ती मुलगी आईला घेऊन शुक्रवारी आणि शनिवारी चाचांच्या घरी जाऊ लागली होती. नमाजहून आले की चाचा ओट्यावर बसत, आत चाची तिचा हात धरत, आणि चाचा बाहेरून ओरडून सांगत, "जोर नका लावू! पीठ मळून राहिल्या काय?" चार महिने हे चाललं. चाचांनी विभागातली सुटी अशी विभागासाठीच घालवली. मी त्या वेळी अमरावतीला मुलीला सायकल शिकवत होतो.

आमची पद्धत आणखी दीड वर्ष चालली. व्यवस्थापक बदलले तेव्हा बंद झाली. त्यांना कारण विचारावंसं वाटलं नाही, मलाही सांगावंसं वाटलं नाही.

ती मला एकदाच भेटली, साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा, बडनेऱ्याच्या फलाटावर. मी अमरावतीची गाडी पाहत उभा होतो. तिनेच हाक मारली. वरूडकडच्या एका शाळेत शिकवत होती. नोकरी मिळायला तीन वर्षं गेली होती. तिने उजवा हात वर करून दाखवला, पुरता सरळ.

"चाचांनी केला," ती म्हणाली.

"छान झालं," मी म्हणालो.

"नव्या शाळेतही त्या पत्राचं इचारलं होतं, साहेब. कोणी सांगतलं काय माहीत. सांगता सांगता जीव गेला." मग म्हणाली, "बाबा तर अजूनही म्हणतात. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणतात, आळस केला असशील. मी त्यायले लाख सांगतलं. ते म्हणतात, कागदावर लिहिलं होतं." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ते कार्डावरचं दुरुस्त केलं काय तुमी?"

गाडीला अजून वेळ होता. घाईचं कारण देता येण्यासारखं नव्हतं.

"केलं," मी म्हणालो. "तेव्हाच केलं."

तिचा चेहरा मोकळा झाला. "मग आज घरी गेली का बाबाले सांगतो," ती म्हणाली. "साहेबानं स्वतः सांगतलं म्हणून सांगतो."

मी केलं नव्हतं. जुनी कार्डं तेव्हा दवाखान्याच्या माडीवर गठ्ठे बांधून ठेवलेली होती, गावांच्या नावांप्रमाणे. अकोटचा गठ्ठा जिन्याजवळच होता. त्यानंतरही मी सात वर्षं त्याच दवाखान्यात नोकरी केली, आणि आता आठवड्याचे सहाही दिवस तिथे असायचो.