लेकीला आणायला गेलो तेव्हा

बायको गेली त्या हिवाळ्यात माझी प्रार्थना सुटली. उपासनेला जात होतो, गुडघेही टेकत होतो, पण आत काही नव्हतं. शाळा मला दोन बुकांपुरती. उभा जन्म घाटात, रेल्वेच्या रुळांवर घण मारण्यात गेला. गोड बोलणं मला जमत नाही, देवाशीही नाही. लोणावळ्याच्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला, आणि शेवटी शेवटी ती एकच विचारायची, पोरगी आली का. पोरगी आली नाही. तळेगाव काय परदेश आहे? जावई एकटाच आला आणि म्हणाला, तिला दिवस गेलेत हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण आता अंगावर जातंय, डॉक्टरांनी खाटेवरून उतरायचं नाही म्हणून बजावलंय. तो दवाखान्यात कंपाउंडर, खोटं कशाला बोलेल? पण माझ्या मनानं ते घेतलं नाही. आईच्या मातीला लेक नव्हती, एवढंच त्यानं धरून ठेवलं.

मग तेच दळण सुरू झालं. भाकरी थापायला बसलो तरी तेच, अंथरुणावर पडलो तरी तेच. आमचे पाळकसाहेब तरुण होते, पण धीराचे. ते येऊन बसले आणि म्हणाले, काका, जे खरं आहे आणि चांगलं आहे तिकडं मन न्या, प्रभूनं आपल्याला तेच शिकवलंय. मी म्हटलं, साहेब, मन म्हणजे काय बैल आहे, कासरा ओढला की वळायला? ते हसले. म्हणाले, "बैल तरी पहिल्या दिवशी कुठं वळतो? रोज ओढा."

म्हणून रोज ओढू लागलो. राग आला की बायकोचं एखादं चांगलं आठवायचं, आणि तेही खरं असलेलं. ती गाणी बेसूर म्हणायची, पण सगळ्यांत मोठ्यानं. पावसाळ्यात माझी ओली घोंगडी चुलीवर धरून वाळवायची आणि धुरानं तिचेच डोळे लाल व्हायचे. आळीतलं कुणी तापानं पडलं की जातपात न विचारता पेज घेऊन जायची. हे आठवलं की बरं वाटायचं. पण त्यात एक वाकडं झालं, ते मला लवकर कळलं नाही. बायको जितकी चांगली दिसायची, तितकी लेक वाईट दिसायची. असली आई, आणि तिच्यासाठी ही आली नाही! देवानं सांगितलेलं औषध मी घेत होतो आणि त्याचं माझ्या पोटात विष होत होतं.

चैत्रात जावई पुन्हा आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. लेकीचं दुखणं आता थांबलं होतं, प्रवास करायला डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं होतं. त्याच्या घरी बाईमाणूस कुणी नव्हतं, आणि तिला इथंच यायचं होतं. मी म्हटलं, आई गेली तिथं माहेर गेलं, तुमचं तुम्ही बघा. तो चहासुद्धा न घेता उठला. त्या दिवशी मी देवाला रोखठोक सांगितलं, माझं चुकत असेल तर तू सांग, माणसांचं मी ऐकणार नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत दारात एक बाई आली, डोक्यावर पाटी. जवळच्या कुरवंडे गावची कुणबीण होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, कारण मी कामावर असायचो तेव्हा ती यायची. म्हणाली, बाई कुटं हाय? मी म्हटलं, गेली. ती समजली नाही, म्हणाली, बाजारात का? मग समजली आणि उंबऱ्यावरच बसली. पदरानं डोळे पुसले आणि पाटीतनं एक पुडकं काढलं. रानातल्या धावड्याचा डिंक होता. बायकोनंच तिला सांगून ठेवलं होतं, चैतात आन, लेकीला लाडू करायचेत. पुडकं माझ्या हातात देऊन तिनं घरात डोकावून पाहिलं आणि विचारलं, लेक कुटं निजलीय?

मी म्हटलं, तळेगावला. आई नाही, माहेर कुठलं?

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आबा, माहेर काय बाईचं एकलीचं व्हतं? तुमी हितं पाव्हणे व्हय?"

एवढं बोलून ती पाटी उचलून गेली. मी पुडकं हातात धरून उभा राहिलो. बायको तापात पोरीबद्दल विचारायची ते रागानं नव्हतं, काळजीनं होतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. ती लेकीचं चांगलं चिंतत गेली होती. मी तिच्या नावानं लेकीचं वाईट चिंतत बसलो होतो. दाराला कडी घातली आणि स्टेशनावर गेलो.

तळेगावला लेकीनं दार उघडलं. पोट पुढं, तोंड सुकलेलं. मी म्हटलं, चल, सामान बांध. गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. कार्ला गावची शेतं मागं पडली तेव्हा हळूच म्हणाली, "बाबा, मला आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही."

इतके महिने ती तेच घेऊन खाटेवर पडली होती. मी म्हटलं, तू आजारी होतीस, मला ठाऊक होतं. मग ती रडली आणि डबाभर लोकांसमोर मीही रडलो.

नात झाली, दोघी सुखरूप. आळीतल्या ज्या बायकांना माझ्या बायकोनं पेज पाजली होती, त्या न बोलावता आल्या. त्या कुरवंड्याच्या बाईला प्रभूनं पाठवलं का ती आपली आली, याचा वाद मी घालत नाही. मी आभार मानतो. चांगल्याचा विचार करायचा म्हणजे मेलेल्याची आठवण कुरवाळत बसायचं नव्हे, जितं माणूस दारात घ्यायचं, एवढं मला समजलं. तो राग अजूनही अधूनमधून येतो. मी त्याच्याशी भांडत बसत नाही. म्हणतो, प्रभू, हा तूच सांभाळ, मला नातीच्या अंघोळीचं पाणी तापवायचंय.