हिरव्या दोऱ्याचा कुडता

दहावीत माझ्या प्रयोगवहीत खाडाखोड औषधालाही नव्हती. कशी असणार? एक अक्षर चुकलं की मी अख्खं पान फाडायचे. एक पान फाडलं की वहीतलं त्याच्या जोडीचं पानही सुटतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण राग आला की कळलेलं आठवतं कुठं! वर्ष संपता संपता वही निम्मी झाली आणि सरांच्या सहीची चार पानं तिच्यात नुसती कोंबलेली राहिली. सरांनी तर बजावलं होतं, उद्या वही जमा करायची, सुटं पान दिसलं की वही परत, आणि वही नाही तर प्रात्यक्षिकाचे गुण नाहीत.

त्या दुपारी शेवटचा प्रयोग लिहिताना एका ओळीवर शाई पसरली. झालं! मी वही भिंतीवर फेकली आणि रडत जाहीर केलं, "मी वही देतच नाही. असली घाण देण्यापेक्षा शून्य बरं."

वऱ्हाडाकडच्या गोरेगावात अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, आमचं घर त्याच्या मागेच. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बा चिडले की मराठीवर येतात. गिऱ्हाइकांशी भांडून भांडून तीच पक्की झालीय.

"काहून रडून राहिली?" म्हणत अब्बा दुकानातून आत आले, वही उचलली, सुटी पानं पाहिली. मग खुंटीवरचा माझा शाळेचा कुडता काढला आणि उलटा करून माझ्यापुढं टाकला.

अगं बाई! निळ्या कुडत्याची डाव्या बगलेची शिवण चक्क हिरव्या दोऱ्याची होती.

"निळा दोरा संपला व्हता, अन् सकाळी तुझी शाळा. काय करू मंग? दोन वर्सं घालून राहिली. उसवला का?"

दोन वर्षं! मला, जिला टिंबसुद्धा खुपतं, तिला हे दिसलं नव्हतं. धुणं अम्मीकडे, म्हणून असेल. मला हसू आलं.

अब्बांनी मशीनला जाड सुई लावली, पानं जागच्या जागी बसवली आणि चाक हातानं फिरवत वहीच्या पाठीवर टीप मारली. मी ती शाई पसरलेली ओळ एका रेघेनं खोडली आणि पुढं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी टीप पाहिली, पानं ओढून पाहिली. खोडलेल्या ओळीपाशी थांबले. ते हसले आणि म्हणाले, "बरं झालं. मला वाटायचं, कुणाची तरी वही समोर ठेवून नक्कल मारतेस." आणि सही केली.

मी पळत दुकानात येऊन सांगितलं. अब्बा खूश झाले, मग न चिडताही मराठीतच, हळूच म्हणाले, "आता तो कुडता बदलून आण बेटा. हिरवा दोरा काढून देतो. दोन वर्सं झाली, तू शाळेत निघाली की माझा जीव त्या बगलेत अडकतो."

मी कुडता दिला नाही.