भिंतीवर उमटलेले आवाज

चंपाबाईला चित्रं काढायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला गेलं असतं तर तिनं ऐकूनही घेतलं नसतं. हट्टी बाई! कन्नडच्या अलीकडे सडकेपासून जरा आत तिचं गाव, गावाबाहेर बौद्धवाडा आणि वाड्यात पत्र्याचं, एका खोलीचं विहार. एका वर्षी तिथं एक भंतेजी वर्षावासाला राहिले. पावसाळ्याच्या त्या महिन्यांत रोज दिवेलागणीला वंदना झाली की ते सगळ्यांना डोळे मिटून गप्प बसवायचे. "मन पळालं तर पळू द्या," म्हणायचे, "कान तेवढे इथं ठेवा." बाप्यांना लगेच डुलक्या लागायच्या. बायका मात्र मन लावून ऐकायच्या. दिवसभर ज्यांना कुणी टेकू देत नव्हतं, त्यांना नुसतं बसायला मिळालं हेच फार होतं.

भंतेजी गेले, बसणं राहिलं. त्यात चंपाबाईनं आपलं एक काढलं. डोळे उघडले की प्रत्येक बाईनं आज ऐकलेला एक आवाज सांगायचा आणि हिनं तो भिंतीवर काढायचा. पांढऱ्या मातीनं पोतारलेली भिंत, गेरू आणि चुलीतला कोळसा, एवढंच सामान. विहिरीच्या रहाटाला तिरप्या ओढी, पिठाच्या गिरणीला बारीक टिंबांचा दाट पट्टा, बिरू धनगराच्या मेंढरांच्या घंट्यांना सांडलेल्या ज्वारीसारखे विखुरलेले ठिपके. जिला काही ऐकू आलं नाही तिची जागा कोरी. बघणाऱ्याला त्यातलं काही कळत नसे, पण बघता बघता तो गप्प व्हायचा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जुलैअखेर रेडिओवर बातमी आली. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला होता. वाड्यात साखर वाटली. आठवडा उलटायच्या आत गावानं तोंड फिरवलं. गिरणीवाल्यानं दळण परत पाठवलं, विहीर बंद झाली, शेतातली कामं गेली. पलीकडच्या गावात वस्ती पेटवल्याची खबर आली. चंपाबाईचा भाऊ कडुबा औरंगाबादेत, चिकलठाण्याला कारखान्यात होता, उस्मानपुऱ्यात खोली करून राहायचा. त्यानं निरोप धाडला, जसे असाल तसे निघून या.

निघायचं की नाही, हे ठरवणार चंपाबाईचा नवरा धोंडिबा. आणि धोंडिबाची सगळी भिस्त बिरूवर. दोघं लहानपणापासूनचे जिवाभावाचे.

"बिरू रोज सांजच्याला विहारामागनं मेंढरं नेतो," धोंडिबा म्हणायचा. "गावात काय शिजलं, तर त्याला आधी कळंल. त्यो हाय तवर भ्यायचं कारण नाय."

पण त्या वेळी पुरुष सडकेच्या बाजूला राखणीला असत, आणि बायका विहाराचं दार लावून आत. मेंढरं गेली की नाही, हे कळायचं ते फक्त भिंतीवरून. चंपाबाईला स्वतःला घंट्या ऐकू येईनाशा झाल्या होत्या. पत्र्यावर पाऊस वाजायचा, त्यात छातीत धडधड. भीतीनं आपलेच कान गेले, असं तिला वाटे. कारण तिची सासू मनकर्णाबाई रोज सगळ्यांच्या आधी सांगायची, "मेंढरांच्या घंट्या. रोजच्यावानी." म्हातारीच्या तोंडाला खंड म्हणून नव्हता. आणि खोटं बोलणार नाही हे शील सगळ्यांनी नुकतंच एका सुरात म्हटलेलं. त्याच जागी बसून कुणी नसलेला आवाज सांगेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चंपाबाई ठिपके काढायची. धोंडिबा येऊन ते बघायचा आणि निवांत व्हायचा.

एका दुपारी तिला राहवेना. कुणाला न सांगता ती ओढ्यापलीकडं बिरूच्या वाघरीवर, त्याच्या तळावर गेली. मेंढरं कोंडायचं जाळं नव्हतं, पाल नव्हतं, बिरूच्या बायकोची, सुगंधाबाईची चूल ढासळलेली. लेंड्यांच्या थरातून गवताचे कोंब वर आले होते. जाऊन बरेच दिवस झाले होते. जाताना त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही, हे तिला फार लागलं.

धावतच ती विहारात आली. म्हातारी पाठमोरी झाडत होती. चंपाबाईनं हाक मारली, मग ओरडली. शेवटी दाराचा पत्रा हातानं बडवला. म्हातारी झाडतच राहिली.

ती समोर जाऊन उभी राहिली. "आत्याबाई, तुमाला ऐकू येत नाय व्हय?"

म्हातारीनं तिच्या ओठांकडं बघितलं आणि झाडू खाली ठेवला. "लई दिस झाले. आपुनच बोलत ऱ्हायलं की कुणी इचारत नाय."

"अन् घंट्या?"

"या वक्ताला येत्यातच की त्या. जन्मभर आल्यात." मग ती हळू आवाजात म्हणाली, "ऐकू येत नाय म्हणले असते, तर माझ्या नावानं भिंतीवर काय काढलं असतंस तू?"

चंपाबाईला संताप आला आणि त्याच वेळी रडूही आलं. बोलायला सवड नव्हती. धोंडिबाला तिनं एवढंच सांगितलं, "बिरू गेला." तो घराघरात सांगत सुटला. हाताला लागेल ते घेऊन सगळा वाडा चिखल तुडवत सडकेवर आला. एसटीचा पत्ता नव्हता.

उन्हं कलली तेव्हा गावाकडून आवाज उठला. आधी एकदोन हाळ्या, मग शेकडो गळे एकदम, आणि वाड्यातल्या पत्र्यांवर पडणारे दगड. बायकांनी पोरांची तोंडं पदराखाली दाबली. धोंडिबानं मान खाली घातली. मनकर्णाबाई गावाकडं पाठ करून एसटीची वाट बघत होती. तिनं एकेकाचा चेहरा पाहिला आणि सुनेचा दंड धरला.

"काय गं, कसला आवाज येतोय?"

"काय बी नाय, आत्याबाई," चंपाबाई म्हणाली. "लई शांत हाय."

म्हातारी तिच्या ओठांकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मान हलवली, पण मागं वळून बघितलं नाही.