सर्वांसाठी मोफत वायफाय

बादली त्याने आमच्या अंगावर नाही ओतली. ओट्यावर ओतली. मी आणि माझी आय ओट्यावर बसलो होतो, एवढंच.

पाण्यात फिनेल होतं. आयचं लुगडं मागून चिंब झालं. ती गुडघ्यावर हात टेकून उठायच्या आत तो खराट्याने घासायला लागला. सरपंचबाईंचा नवरा. खुर्ची बायकोची, पण गाव त्यालाच सरपंच म्हणतं. घरी जेवलेलं ताट न उचलणारा माणूस. त्या दिवशी खराटा स्वतः धरला.

"उठा गो, उठा. मीटिंग हाय. कातवड्यांनी सगळा ओटा नासवला."

आम्ही काय नासवलं होतं? फोनकडे बघत बसलो होतो. आमच्या डोक्यावर पंचायतीच्या भिंतीवर बोर्ड होता. सर्वांसाठी मोफत वायफाय. सरकारने जमिनीखालून केबल आणली, ती पंचायतीपर्यंत आली आणि थांबली. आमची कातकऱ्यांची वाडी तिथून वर, डोंगराच्या पोटाला. तिथे केबल नाही, टॉवर नाही. फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीवर चढायचं. खाली गावात फोन लागतो, पण इंटरनेट म्हणाल तर पंचायतीच्या ओट्यावरच.

आणि आम्हाला इंटरनेट पाहिजे होतं ते पिक्चर बघायला नाही. आयचं रेशन बंद पडलं होतं. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नव्हता. जन्मभर पेणकडच्या वीटभट्ट्यांवर विटा थापल्या तिने, कोळसा पाडला, मोळ्या वाहिल्या. बोटांच्या रेघा गेल्या. दुकानदार म्हणाला, आता फोनवर चेहरा दाखवून होतं, चेहरा दाखवा, नाव चालू होईल. चेहरा आयकडे होता. इंटरनेट नव्हतं.

मी रोह्याला कंपनीत पॅकिंगला जाते. सुट्टीच्या दिवशी आयला चालवत खाली आणलं. तिचा चेहरा गोलात धरला. डोळे मिचकवायला लावले. फोनवर चक्र फिरत होतं, तेवढ्यात पाणी आलं. आत जाऊन त्याने वायफायचं बटणही बंद केलं. मला ते खिडकीतून दिसलं.

आय वाट चढताना एवढंच म्हणाली, "फिनेलनी अंग चुरचुरतंय गो."

घरी पोचल्यावर मी तिचं लुगडं दोनदा धुतलं. 

पुढच्याच महिन्यात तो माणूस जीप घेऊन वाडीत आला. पायातल्या चपला काढून आमच्या अंगणात उभा राहिला.

"आये," तो माझ्या आईला म्हणाला. आये! "जिल्ह्यावरनं साहेब येतायत. आपलं गाव इंटरनेटचं गाव म्हणून जाहीर व्हायचंय. वाडीतल्या बायका पुढच्या रांगेत पाहिजेत. चांगली साडी नको हां. तुमचं ते जुनं लुगडं नेसा. गळ्यात माळा घाला."

बायका गेल्या. रेशनचं सांगता येईल म्हणून आय गेली. मी तिच्याबरोबर गेले.

त्याच ओट्यावर मांडव होता. आता तिथे सतरंजी, झेंडूच्या माळा, पाण्याच्या बाटल्या. साहेब बोलत होते. नवीन धोरण आलंय. यापुढे केबलचीही गरज राहणार नाही, टॉवरचीही नाही. इंटरनेट थेट आकाशातून येईल, उपग्रहावरून. शेवटच्या माणसापर्यंत. शेवटचा माणूस म्हणताना त्यांनी हात आमच्याकडे केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बायकांनीही वाजवल्या, कारण बाकीचे वाजवत होते.

मग फोटो. सरपंचबाईंच्या नवऱ्याने आयच्या हातात एक चकचकीत फोन दिला. फोन बंद होता. तिचा हात धरून त्यानेच तो तिच्या कानाला लावला. जी बाई बसली म्हणून त्याने ओटा फिनेलने घासला, तिचं मनगट त्याने धरलं होतं.

"हसा आये. मोठ्यानं हसा."

आय हसली. ते हसू मला माहीत होतं. भट्टीवरचा मुकादम शिवी घालायचा तेव्हा ती असंच हसायची. दात दाखवून, डोळे खाली घालून.  

"आये, हसू नको," मी म्हटलं.

तिचं तोंड मिटलं. फोटोवाला थांबला. मी उभी राहिले.

"साहेब, हा फोन बंद हाय. चालू असता तरी आमच्या वाडीत लागला नसता. आन् ह्या ओट्यावर इंटरनेटसाठी बसलो तर ह्या माणसानं आमच्या अंगाखाली फिनेल वोतलं."

 साहेबांनी कपाळ पुसलं. गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या भावना पोचल्या. आधी फोटो होऊन जाऊ दे. मग बोलू."

तेव्हा आय बोलली. सगळ्या जन्मात साहेबाशी न बोललेली माझी आय.

"माझं तोंड तुमच्या फोटूत येतं. मंग रेशनच्या दुकानात का नाय येत?"

 तिने फोन सतरंजीवर ठेवला आणि उठली. तिच्यामागे आमच्या सगळ्या बायका उठल्या. न्यायला जीप आली होती, परत सोडायला नव्हती. चालत आलो.

फोटो झालाच. दुसऱ्या बायकांना आमच्यासारख्या माळा घालून बसवलं. गाव इंटरनेटचं म्हणून जाहीर झालं. वायफायला पासवर्ड लागला, तो आम्हाला सांगत नाहीत. आयला मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात एका इंटरनेटच्या दुकानात नेलं, शिफ्ट बुडवून. तिथे तिचा चेहरा उठला. मधले महिने तिने शेजारच्यांचे तांदूळ मागून खाल्ले, बुडालेलं रेशन कुणी भरून दिलं नाही.

पण आता मी ग्रामसभेला जाते. आमच्यातलं कुणी जात नव्हतं. परवा मी उभी राहून म्हटलं, वाडीत टॉवर पाहिजे, ठराव लिहा.

सरपंचबाई लिहायला वाकल्या. नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पेन ठेवलं.

"टॉवर कशाला?" तो म्हणाला. "आता आकाशातनं येणाराय. बस खाली."

"येईल तेव्हा येईल. ठराव आज लिहा."

"बस म्हटलं ना!"

मी बसले नाही. सभा आटोपेपर्यंत उभी राहिले. ठराव लिहिला नाही. पुढच्या सभेला आयसुद्धा येणार आहे आणि वाडीतल्या सगळ्या बायका. त्यांनी खुर्च्या दिल्या तरी आम्ही बसणार नाही. ते लिहीपर्यंत कुणालाही घरी जाऊ देणार नाही.