मामांची तिसरी फेरी

मोटारीनं फिरलं की फोटो जमतात, सायकलवर फिरलं की किस्से! कारण साधं आहे. चढावर आपला वेग इतका कमी असतो की शेतातला माणूस हातातलं खुरपं ठेवून, बांधापर्यंत चालत येऊन "कुठलं गाव?" विचारू शकतो. आणि धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न आला की पाठोपाठ चहा येतोच.

आम्ही तिघं. मी, माझं शहरात मेडिकल आहे. जाधव सर, शाळेत गणित शिकवतात आणि शाळेबाहेरही मार्क कापतात. आणि कांबळे मामा, रिटायर्ड बस कंडक्टर. दर हिवाळ्यात आम्ही जिल्ह्याला चार दिवसांची फेरी मारतो. धाराशिवहून भूम, कळंब, तिकडून सास्तूर, उमरगा, अणदूर, तुळजापूर आणि परत घर. नियम सरांचे. सायकल ढकलत चाललात तर चालेल, पण दुसऱ्या कशातही बसलात की फेरी बाद!

मामांना ही फेरी एकदा तरी पुरी करायची होती. आम्हा दोघांना हौस, त्यांना मात्र तळमळ. "आख्खी नोकरी ह्याच रस्त्यांवर गेली ताई," ते मला म्हणाले होते, "पण तोंड कायम पाशिंजराकडं. रस्ता म्या बघितलाच न्हाय!"

*

पहिल्या वर्षी भूमच्या अलीकडच्या चढावर सरांची पार दमछाक झाली होती. मागून एक मोटारसायकलवाला आला. "गाडी बंद पडली का?" सायकल कशी बंद पडते, हे सर समजावणार, तेवढ्यात त्यानं डावा हात सरांच्या पाठीला लावला आणि उजव्या हातानं एक्सलेटर पिळला!

सर ओरडतायत, "हात काढा! अहो, हात काढा!"

तो म्हणतोय, "घाबरू नका सर, पडू देत न्हाय!"

वर पोचल्यावर सरांनी त्याचे रीतसर आभार मानले, सायकल वळवली, चढ उतरून खाली गेले आणि पुन्हा पहिल्यापासून चढून आले. तो बिचारा तिथंच थांबलेला. "खाली काय विसरलं व्हतं का सर?"

*

मामांची पहिली फेरी त्याच दुपारी बुडाली. मामा लिंबाखाली जरा आडवे झाले होते. आम्ही दोघं पाण्याच्या बाटल्या भरायला गेलो. परत येतो तर भूमच्या बाजाराला निघालेला एक पिकअप उभा, मागं चार शेळ्या आणि शेळ्यांच्या मध्ये मामांची काळी सायकल!

पिकअपवाल्यानं मामांना ओळखलं होतं. "शाळेत असताना मला रोज पळत येताना बघून तुम्ही गाडी थांबवायचा मामा. आज म्या थांबलो. बसा!"

मामांनी सरांकडं बघितलं. सर नियमाला पक्के. "फेरी बाद होईल मामा," एवढंच हळू म्हणाले.

"व्हऊ द्या सर. त्याचं मन कसं मोडायचं?" म्हणत मामा पुढं जाऊन बसले. दोन शेळ्या आमच्याकडं बघत गेल्या.

*

दुसरी फेरी जेवणानं बुडवली. सास्तूरला एका घरी पाणी मागितलं, तर ताटं वाढली गेली. घरचे आजोबा म्हणाले, "भूकंपानंतर कुठनं कुठनं माणसं आली. नाव बी न सांगता आमाला जेवू घालून गेली. त्यांना कुठं हुडकायचं? म्हणून दारात येईल त्याला जेवल्याबिगर सोडत न्हाय."

आम्ही खाली मान घालून जेवलो.

पण हे सगळं शेजाऱ्यांनीही ऐकलं होतं! आम्ही उठतोय तोवर त्यांच्याकडं ताटं मांडलेली, आणि त्यांच्या शेजाऱ्यांकडं चूल पेटलेली. तिन्ही घरी जेवलो. सरांनी आणि मी कसंबसं भागवलं, पण मामांनी कुणाचीच भाकरी परत पाठवली नाही. गावाबाहेर ते जे बसले ते उठेनातच. शेवटी एका बैलगाडीत घालून त्यांना उमरग्याच्या रस्त्याला आणलं.

"बैलगाडीला इंजिन कुठंय सर?" गाडीवाल्यानं मामांची वकिली केली.

सर म्हणाले, "बैल आहेत ना!"

*

गेल्या हिवाळ्यात तिसरी फेरी. यावेळी मामांनी भूमला पाठ टेकली नाही आणि सास्तूरला एकाच घरी जेवले. अणदूरला खंडोबाच्या देवळाबाहेर एका आजींनी मला गाठलं. "नवस कशाचा गं बाई?"

"नवस नाही आजी. असंच फिरतोय."

"सांगू नगंस. सांगितलं की फळत न्हाय!" म्हणत त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला, मग सरांच्या, मग तिन्ही हँडलना. मामांपुढं आल्या आणि त्यांच्या तोंडाकडं बघून थबकल्या. "ह्यांचाच हाय की नवस!" आणि मूठभर भंडारा मामांच्या डोक्यावर उधळला.

मला त्या आजींच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी पडलेही.

*

तुळजापूर मागं पडलं आणि मामांचा गुडघा धरला. पायडल फिरेना. ते सायकल ढकलत लंगडत निघाले. धाराशिव अजून बरंच लांब होतं. तेवढ्यात मागून आलेली बस शेजारी थांबली. कंडक्टर खाली उतरला. मामांच्या हाताखाली काम शिकलेला.

"मामा, हे काय? चढा वर! सायकल टपावर टाकतो."

"न्हाय रे बाबा. आता न्हाय."

"पाय बघा की तुमचा!"

आतून लोकही बोलवायला लागले. एका बाईनं खिडकीतून हात बाहेर काढून जागा दाखवली. मामांचे डोळे भरले. एकदा त्या जागेकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. मग हात जोडले आणि "जावा आता, लोकांना उशीर व्हतोय," म्हणत सवयीनं सायकलची घंटी दोनदा वाजवली.

दोन घंट्या म्हणजे चला! ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि बस निघाली. कंडक्टर खालीच!

"अहो! अहो!" तो पळतोय, आतली माणसं ओरडतायत, आम्ही पोट धरून हसतोय. पुढं थोडा उतार होता. मामांनी लंगडतच सायकलवर टांग टाकली. "बस मागं! धरून बस!" कंडक्टर तिकिटांच्या मशीनसकट कॅरिअरवर!

बस थांबली होती तिथं मामांनी त्याला दारात उतरवलं. तो पायरीवर चढला आणि नुसताच उभा राहिला.

ड्रायव्हर ओरडला, "बेल मारा की!"

कंडक्टरनं मामांकडं बोट दाखवलं. "त्यांना मारू द्या."

बसमधली सगळी माणसं एका बाजूला येऊन बघत होती. मामांनी दोनदा घंटी वाजवली. बस गेली. मग त्यांनी दुखरा पाय तसाच पायडलवर ठेवला, आणि धाराशिव येईपर्यंत खाली टेकला नाही.