बैल जागचे हलेनात

बाबांची उजवी बाजू गेली त्याला दोन वर्षं झाली. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. रजा टाकली आणि सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत त्यांच्यासोबत अडकले. नातेवाईक फोनवर माझं कौतुक करतात. त्या कौतुकाचाही आता वीट आलाय.

सोमवारपर्यंत रुजू व्हा, नाहीतर जागा जाईल, असा शाळेचा निरोप आला होता. दिवसभर बाबांना सांभाळायला एक बाईही मी शोधून ठेवली होती. फक्त त्यांना सांगायचं राहिलं होतं, आणि तीच हिंमत होत नव्हती. म्हणून ठरवलं, आधी त्यांना शंकरपटाचं चित्र काढून द्यायचं. कामठीकडच्या गावांत बैलजोड्यांच्या या शर्यती भरायच्या, तिथे तरुणपणी ते जोडी हाकायचे. खूश झाले की विषय काढायचा. लाच म्हणा हवं तर.

मुलांना शिकवते ते सगळं केलं. जमिनीची रेघ तिरकी घेतली, खुरांच्या कडा ओल्या ब्रशनं पुसट केल्या, मागे धूळ उडवली. बाबांनी बराच वेळ पाहिलं.

"बैल उभेच हायेत वं."

पाय आणखी फाकवले. तरी उभेच. तिसऱ्या कागदाला माझं डोकं फिरलं. "मग तुम्हीच काढा!" असं बोलून गेले, आणि त्यांच्या लुळ्या हाताकडे नजर जाताच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते रागावले नाहीत. डाव्या हाताचं बोट त्यांनी कागदावर टेकवलं. "कासरा पाह्य. तुह्या हाकणाऱ्यानं ताणून धरला. तो तं थांबवून राहिला त्याईले. अन् समोर जागा कुठी हाये? जातीन कुठी?"

खरंच की. बैल मोठे दिसावेत म्हणून त्यांची नाकं मी कागदाच्या कडेला भिडवली होती. कासरा ओढण्यातच जोर दिसतो असं मला वाटायचं. लहानपणी आम्हा मुलींना पटाला कोणी नेलंच नव्हतं.

चौथ्या कागदावर जोडी मागे सरकवली, पुढचा अर्धा कागद कोरा सोडला. कासरा सैल, हाकणारा पुढे झुकलेला. बैल सुटले. माझ्याच अंगावर काटा आला.

"आता पळून राहिले!" बाबा हसले. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "तू घरी हायेस म्हणून मी हावो वं. दुसऱ्याच्या हातून तं पाणी बी नाही पिणार. उद्या दुसरी जोडी काढजो."

"काढते," मी म्हणाले.

सोमवारी शाळेचा फोन आला तेव्हा मी नवा कागद बोर्डाला चिकटवत होते. तो वाजून वाजून बंद झाला.