बांधी न दिसणारं बांधीचं चित्र

रंगाचा डबा उघडा राहिला की वर साय धरते. काढून टाकली की दुसऱ्या दिवशी पुन्हा धरते. आमच्या मंडळाचे किस्से तसेच आहेत. कोणी मुद्दाम जमवत नाही, आपले जमतात. मला हसायची सवय नाही. ऐकणारे हसतात, म्हणून सांगतो.

आधी मी कोण ते. चौथी शिकलो. सारी उमर नागपूरच्या जरीपटक्यात आणि आसपास दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लोक मला अजून पेंटरच म्हणतात. अक्षर माझं एक नंबर होतं. जुन्या गल्ल्यांत अजून दोन-चार पाट्या आहेत, जाऊन बघा. मग फ्लेक्स आला. मी ब्रश ठेवला नाही. आयुष्यभर दुसऱ्यानं सांगितलं ते लिहिलं होतं. आता कोणी काही सांगणार नाही असं काहीतरी काढायचं ठरवलं.

मंडळात आम्ही चौघं. कावळे मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झाले. ढोबळे बँकेतून. निर्मलाबाई दवाखान्यात सिस्टर होत्या. आणि मी. दर रविवारी शहराबाहेर जातो. नियम मास्तरांचा : पहिला तास ब्रशला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मग मंडळाच्या खोलीवर येऊन काढायचं. झाड काढायचं नाही. झाडाजवळून उठल्यावर आपल्यात जे राहतं, ते काढायचं. याला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणतात. ज्याला कळलं त्याला कळलं. बाकीचे विचारतात, "हे काय आहे?"

बाकीच्यांनी खुशाल विचारावं. पण त्या बाकीच्यांतलं एक माणूस माझ्या घरातच आहे. माझी बायको, सुशीला.

तिला वाचता येत नाही. तरी माझी पाटी ती लांबून ओळखायची. ऑटोत बसली की शेजारच्या अनोळखी बाईला बोट दाखवून सांगायची, "हे आमच्या यायनं केलं." यायनं म्हणजे यांनी, नवऱ्याचं नाव ती घेत नाही. मी खेकसायचो. चित्रं काढायला लागून कितीतरी वर्षं झाली होती. एकाही चित्राकडे तिनं बोट दाखवलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. मी विचारणाऱ्यातला नाही.

* * *

एकदा आम्ही कुहीकडे गेलो. धानाचे दिवस होते. सुशीलाचं माहेर त्याच बाजूचं. "येतेस का?" म्हणून मी तिला विचारलं होतं. "कोनाकडे जाऊ?" म्हणाली. खरं होतं. तिचं तिकडे कोणी उरलं नाही, बांध्याही, म्हणजे भाताची खाचरंही, विकली गेली.

आम्ही चौघं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो आणि नियमाप्रमाणे धान बघू लागलो. बोलायचं नाही, हलायचं नाही. थोड्या वेळानं एक म्हातारा शेतकरी आला. त्यानं आम्हाला बघितलं, आम्ही बघत होतो तिकडे बघितलं, पुन्हा आम्हाला बघितलं.

"काय पाहून राहिले जी तुमी?"

"बांधी," ढोबळे म्हणाले.

"मोजाची आहे का?"

"नाही, नुसती बघतोय."

म्हातारा गेला आणि दहा माणसं घेऊन आला. मागून मोटरसायकलवर सरपंच. रस्त्यासाठी जमीन घ्यायला साहेब आले, अशी गावात बोंब झाली होती. खरं म्हणजे मी उठून म्हणायला हवं होतं की आम्ही रिकामटेकडे आहोत, चाललो. पण ढोबळेंना समजावून सांगायची खोड. बँकेत लोकांना व्याज समजावून त्यांची ती सवय झाली आहे.

"हे बघा," ते म्हणाले, "घाबरू नका. आम्ही फक्त तुमच्या बांधीचं चित्र काढणार. पण त्या चित्रात बांधी दिसणार नाही."

 मग म्हातारा सरपंचाकडे वळला.

"आयकलं का गा? म्हणजे गेलीच ना जमीन!"

* * *

त्या बांधीचं चित्र मी काढलं. पाच फुटी. बहुतेक राखाडी, मध्ये कुठे हिरवं, खाली पाण्याची एक पांढरी पट्टी. मी माझ्या कामाची तारीफ करत नाही. ते चांगलं झालं होतं.

वाळायला गच्चीवर ठेवलं. दुपारी वर गेलो तर चित्र चार विटांवर पालथं घातलेलं. रंग खाली, कोरी पाठ वर. आणि पाठीवर रांगेनं मुगाच्या वड्या.

"हे काय केलं?"

"कपडा मस्त तानून बसवला जी तुमी," सुशीला म्हणाली. "बाजीवर मधात झोल पडते. याच्यावर वड्या सारख्या वाळून राहिल्या."

"ते चित्र आहे."

"चित्र तं खाली आहे. मी वरून घातल्या. रंगाले हातबी नाई लावला."

 वड्या वाळेपर्यंत चित्र तसंच ठेवावं लागलं. पाठीवर अजून गोल डाग आहेत. तिनं ते चित्र उलटं करताना, पुन्हा सुलटं करताना बघितलं असेलच. एक अक्षर बोलली नाही. मग संध्याकाळी बोलली. वड्या छान झाल्या म्हणाली.

* * *

आमची खोली जरीपटक्यात एका कपड्याच्या दुकानावर आहे. भिंतीला टेकून चित्रं ठेवतो. कोपऱ्यात मास्तरांची, खिडकीजवळ निर्मलाबाईंची, अशी जागा ठरलेली.

पावसाळ्यात एकदा ढोबळे मास्तरांच्या कोपऱ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ मान हलवली.

"मास्तर, काय उतरलंय! कडा बघा, कुठे संपते कळतच नाही. थेट भिंतीवर केलंत?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. 

पुढच्या रविवारी ढोबळे म्हणाले, "मास्तर, तुम्ही यात आणखी काम केलं. खाली गेरूचा टोन दिलात." मास्तर हसले फक्त. त्याच्या पुढच्या रविवारी ढोबळेंनी मेहुण्याला दाखवायला आणलं.

चौथ्या रविवारी प्लंबर आला. मालकानं पाठवला होता. त्यानं गच्चीवरचा फुटका पाइप बदलला, भिंत खरवडली आणि पुट्टी मारली. ढोबळे त्याच्या अंगावर धावून गेले. "अबे, मास्तरांचं सगळ्यात मोठं काम होतं ते!"

प्लंबर म्हणाला, "ओल होती साहेब."

आम्ही मास्तरांकडे बघितलं. निर्मलाबाईंनी विचारलं, "मास्तर, तुम्ही तीन रविवार बोलला का नाहीत?"

मास्तर म्हणाले, "तारीफ चालू होती. मधात कसा बोलू?"

* * *

एक डॉक्टर चित्र घ्यायला आले. सोबत सोफ्याची उशी आणली होती. या रंगाशी जुळणारं द्या म्हणाले. मी उशी परत त्यांच्या हातात दिली. गिऱ्हाइकाच्या रंगाला रंग लावायचं काम मी आयुष्यभर केलं. आता नाही.

मास्तर नाही म्हणत नाहीत. त्यांनी दिलं. मे महिन्यातल्या दुपारचं चित्र होतं. एक तास भर उन्हात माळावर बसून काढलेलं. ढोबळेंना त्या दिवशी चक्कर आली होती. चित्रात दुसरं काही नाही, पिवळा आणि पांढरा. उशी पिवळी होती, जुळलं. डॉक्टरांनी ते पेशंट बसतात त्या खोलीत लावलं.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. त्या चित्राखाली जो बसतो तो पाणी मागतो म्हणे. एसी चालू असतो, तरी उकडतं म्हणून लोक उठून दाराशी उभे राहतात. रिसेप्शनची पोरगी वैतागली. "दुसरं द्या," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांचा चेहरा असा फुलला की जणू पदक मिळालं. फोनवर अगदी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चित्र उन्हाळ्याचं आहे. तुम्ही ते हिवाळ्यात लावा."

* * *

मिरचीच्या चित्राचा ताप मात्र माझ्याच डोक्याला झाला.

भिवापूरला गेलो होतो. मिरच्यांची देठं खुडायची जागा असते, तिला तिकडे सातरा म्हणतात. मैदानभर मिरची पसरलेली, बाया ओळीनं बसून खुडून राहिल्या. असा लाल रंग मी डब्यात कधी बघितला नाही. मास्तरांचा नियम मी त्या दिवशी मोडला. तासभर थांबलो नाही. कॅनव्हास तिथेच जमिनीवर टाकला आणि ऑइल पेंट जाड चढवला, पाटीला चढवतो तसा. दुपारभर वाळायला ठेवला.

दुपारभर वारा होता. मिरचीचा बारीक भुरका उडत होता. तो ओल्या रंगावर बसला. लालावर लाल, दिसणार कसा?

एक बाई म्हणाली, "बुढेबाबा, हे उचला जी तिथून."

मी म्हटलं, "तुझं काम तू कर."

परतताना गाडीत सगळे शिंकत होते. निर्मलाबाई म्हणाल्या, "चित्र धुवा, नाहीतर वरून वार्निश मारा." मी चित्र धूत नसतो. आणि वार्निशची चकाकी मला पाट्यांच्या दिवसांपासून आवडत नाही.

पुढे आमचं प्रदर्शन लागलं. मिरचीचं चित्र बरोबर पंख्यासमोर टांगलं गेलं. पहिला माणूस समोर उभा राहिला आणि डोळे पुसायला लागला. मग दुसरा. मग कॉलेजच्या चार पोरी, चौघीही रडल्या. ढोबळे कोपऱ्यातून बघत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पेंटर, तुम्ही जिंकलात. माझं चित्र बघून माझी बायकोसुद्धा रडली नाही."

पेपरचा एक पोऱ्या आला. डोळे लाल झालेले. म्हणाला, "बाबा, यामागची प्रेरणा काय?"

मी म्हटलं, "मिरची आहे."

"म्हणजे जगण्यातला दाह?"

"म्हणजे मिरची. भुरका उडून राहिला. बाजूला हो."

दुसऱ्या दिवशी छापून आलं की वयोवृद्ध कलावंताच्या चित्रासमोर नागपूरकरांना अश्रू आवरत नाहीत, आणि कलावंत स्वतः मात्र नम्रपणे एवढंच म्हणतो, ही मिरची आहे. मी नम्र नाही. पण ते कोणाला सांगू?

शेजारच्या बाईनं ते सुशीलाला वाचून दाखवलं. जेवताना तिनं विचारलं, "लोक रडून राहिले म्हनते, काहून जी?"

"मिरची आहे म्हणून."

"अस्सं," म्हणाली, आणि भात वाढला.

* * *

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी सकाळी हॉलवाल्यांनी हात जोडले. त्यांच्या चौकीदाराला खोकला लागला होता. मिरचीचं चित्र काढून त्यांनी मागच्या व्हरांड्यात ठेवलं आणि दार लावून घेतलं. भिंतीवरच्या त्याच्या रिकाम्या जागी मी कुहीच्या बांधीचं चित्र टांगलं. पंखेही बंद केले.

दुपारी हॉलमध्ये कोणी नव्हतं. एक कॉलेजची पोरगी होती आणि दाराजवळच्या खुर्चीवर मी. बाहेर ऑटो थांबला. सुशीला उतरली. येणार म्हणून सांगितलं नव्हतं. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. माझ्याकडे बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि आत गेली.

ढोबळेंच्या चित्रावरून गेली. मास्तरांच्या चित्रावरून गेली. माझी तीन लहान होती, त्यांच्यासमोरही थांबली नाही. बांधीच्या चित्रापाशी थांबली.

उभीच राहिली. चौकीदार चहा ठेवून गेला, तो थंड झाला, तरी ती तिथेच. एकदा हात उचलून खालच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत नेला, लावला नाही, मागे घेतला. मग पदर डोळ्यांना लावला.

मी उठलो नाही.

ती पोरगी जवळ गेली. "आजी, काय झालं?"

"काई नाई वं माय," सुशीला म्हणाली. "मिरची झोंबून राहिली."

मग पदर सोडला आणि चित्राकडे बोट केलं.

"हे आमच्या यायनं केलं."